चहात कोणते दूध? व्हीगन आहार समजून घेताना

‘व्हीगन’, म्हणजे दुधासह सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य मानणारा, हा शब्द मांसाहाराच्या विरोधातून आला असावा, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो दुधावरून झालेल्या वादातून आला. इंग्लंडमधील व्हेजिटेरियन सोसायटीचे सभासद मांस-मासे खात नसत, मात्र त्यांतल्या बहुतेकांना दूध, लोणी, चीज आणि अंडी चालत. शाळेत लाकूडकाम शिकवणाऱ्या डोनाल्ड वॉटसन यांना आणि त्यांच्या काही स्नेह्यांना हे विसंगत वाटे, कारण दुधासाठी पाळलेल्या गाईचे वासरू आणि पुढे ती गाय, या दोघांचाही शेवट तिथे कत्तलखान्यातच होत असे. दुधाला नकार देणाऱ्या सभासदांच्या मजकुराला आपल्या मुखपत्रात कायमची जागा देण्यास संस्थेने असमर्थता दाखवली, तेव्हा नोव्हेंबर १९४४ मध्ये या मंडळींनी स्वतंत्र संस्था काढली. नावासाठी ‘डेअरीबॅन’ आणि ‘व्हिटन’ असेही पर्याय सुचवले गेले होते. अखेर ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे जोडून झालेला शब्द टिकला.

हा इतिहास आधी सांगण्याचे कारण असे की, मराठी वाचकासमोर हा विषय बहुधा चुकीच्या दाराने येतो. बातमी येते ती वनस्पतींपासून बनवलेल्या ‘मांसा’ची, सोबत बर्गरचे छायाचित्र असते, आणि शाकाहारी घरातला वाचक ‘आपल्याला याचे काय’ म्हणून पान उलटतो. परंतु प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतातील ३९ टक्के प्रौढ स्वतःला शाकाहारी म्हणवतात, आणि हाच देश जगात सर्वाधिक दूध काढतो. २०२३-२४ मध्ये ते सुमारे २३ कोटी ९० लाख टन होते. आपल्या मनातला शाकाहार दुधावर उभा आहे. देवाच्या पंचामृतातील पाचपैकी तीन पदार्थ दूध, दही आणि तूप आहेत, चौथा मध आहे, आणि व्हीगन माणसाला त्यांतली फक्त साखर उरते. कांदा, लसूण आणि कंदमुळेसुद्धा वर्ज्य मानणाऱ्या जैन स्वयंपाकातही दूध-तूप चालते. हॉटेलावरची ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी म्हणूनच व्हीगन ग्राहकाला काहीच सांगत नाही.

व्हीगन आहारात मांस, मासे, अंडी, दूध व दुधाचे सर्व पदार्थ आणि मध वर्ज्य असतात. मात्र मूळ कल्पना आहारापुरती नाही, ती जगण्याची एक पद्धत आहे. तिच्यात कातडे, लोकर आणि रेशीमही नको असते. म्हणजे काटेकोर अर्थ घेतला तर पैठणी आणि कोल्हापुरी चप्पल या दोन्ही यादीतून बाद होतात. वॉटसन यांच्या संस्थेच्या व्याख्येत ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ अशी मुभा ठेवलेली आहे, आणि ती औषधांसारख्या अपरिहार्य गोष्टींसाठी महत्त्वाची आहे. याउलट ‘वनस्पतिजन्य आहार’ असे जे म्हटले जाते, त्यात फक्त ताटाचा विचार असतो. तो स्वीकारणारा माणूस कातडी पट्टा बिनदिक्कत वापरतो. पहिल्याचा आधार नीतीचा असतो, दुसऱ्याचा बहुधा आरोग्याचा किंवा पर्यावरणाचा. बाजाराला मात्र या फरकाशी कर्तव्य नसते, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच पाकिटावर छापलेले दिसतात.

आता स्वयंपाकघराकडे वळू. महाराष्ट्राचे रोजचे जेवण व्हीगन होण्याच्या किती जवळ आहे, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. झुणका-भाकरी, ठेचा, मटकीची उसळ, कांदेपोहे, भरली वांगी, कटाची आमटी, तेलावर भाजलेले थालीपीठ, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, कोवळ्या फणसाची भाजी, उकडीचे मोदक, तिळगूळ, गूळपोळी या सगळ्यांत मुळात प्राणिजन्य असे काही नाही. कोकण आणि गोव्यात तर वनस्पतीचे दूध शतकानुशतके काढले जाते: खोवलेले ओले खोबरे वाटून पिळले की निघणाऱ्या रसात कोकमाचे आगळ घालून सोलकढी होते, आणि त्याच रसात गूळ-वेलची घालून तांदळाच्या शिरवाळ्या खाल्ल्या जातात. घोडे अडते ते वरून वाढण्याच्या वेळी. वरणभातावर तूप, पोळीला तुपाचा हात, भाकरीवर लोण्याचा गोळा, मिसळीशेजारी दह्याची वाटी, कोशिंबिरीत दही, जेवणाअखेर ताक. शिवाय जे डोळ्यांना दिसत नाही ते वेगळेच: बिस्किटांतली दुधाची भुकटी, तंदुरी नानच्या पिठातले दही, औषधाच्या कॅप्सूलचे जिलेटीन, गोळ्या-चॉकलेटांवर चकाकी आणणारी लाख, लाल रंगासाठी वापरले जाणारे कोचिनील किड्यांपासूनचे कार्मिन.

दूध सोडणे किती अवघड असते, याचे भारतातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण महात्मा गांधींचे आहे. गाई-म्हशींचे दूध अधिक निघावे म्हणून त्यांच्यावर केल्या जाणाऱ्या ‘फुंका’ नावाच्या क्रूर प्रकाराविषयी कळल्यावर त्यांना दुधाचा तिटकारा आला, आणि १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी ते सोडले. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या कामात असताना त्यांना आमांशाने गाठले आणि प्रकृती ढासळत गेली. दूध घेतल्याशिवाय शरीर पुन्हा भरणार नाही, असे मुंबईच्या डॉ. दलालांनी सांगितले, तेव्हा जवळच असलेल्या कस्तुरबांनी विचारले की, मग शेळीच्या दुधाला तर तुमची हरकत असायला नको. गांधीजींनी ते मानले, पण आपण प्रतिज्ञेचे अक्षर तेवढे पाळले, तिचा आत्मा मोडला, ही टोचणी त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे. वनस्पतींमधून दुधाची जागा पूर्ण भरून काढणारे काही तरी सापडावे, अशी त्यांची इच्छा होती आणि तिला त्या काळात उत्तर नव्हते. आज बाजारात उत्तरे पुष्कळ आहेत. ती कितपत खरी आहेत, हे समजण्यासाठी ती कशी बनतात ते पाहावे लागते.

दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे सूक्ष्म थेंब, प्रथिनांचे कण आणि विरघळलेली साखर. वनस्पतिजन्य दुधाची सगळी कारागिरी हीच रचना दुसऱ्या मार्गाने उभी करण्यात असते. सोयाबीनमध्ये तेल आणि प्रथिने दोन्ही भरपूर असल्याने तिथे काम सर्वांत सोपे जाते. दाणे रात्रभर भिजवायचे, पाणी घालून वाटायचे, उकळायचे आणि गाळायचे. यात दोन खाचा आहेत. दाणा थंड पाण्यात वाटला गेला की त्यातले एक विकर (एन्झाइम) तेलावर काम करू लागते आणि कच्च्या शेंगेसारखा उग्र वास सुटतो. म्हणून जाणकार उकळत्या पाण्यातच वाटतात. दुसरे म्हणजे कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अटकाव करणारे घटक असतात, ते निष्प्रभ होण्यासाठी दूध नीट दहा-पंधरा मिनिटे उकळावे लागते. फेस वर आला म्हणून गॅस बंद करून चालत नाही. चांगल्या सोया दुधात दर १०० मिलिलिटरला तीन ते साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे जवळपास गाईच्या दुधाइतकीच.

बदामाच्या दुधाची गोष्ट निराळी आहे. पाकिटावर बदामांचे ढीग रंगवलेले असले तरी बहुतेक प्रकारांत बदामाचे प्रमाण अवघे दोन-तीन टक्के असते आणि प्रथिने दर १०० मिलिलिटरला एक ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. उरलेले पाणी, थोडी साखर आणि दाटपणा आणणारे डिंक. जो ग्राहक ते दुधाच्या बदली मुलांना देतो, त्याने हा आकडा एकदा तरी वाचावा. नारळाच्या दुधात स्निग्धता पुष्कळ, प्रथिने नाममात्र. ओटचे दूध हे या सर्वांत सर्वाधिक ‘घडवलेले’ दूध आहे. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील संशोधक रिकार्ड ओस्टे यांच्या १९९० च्या दशकातील कामातून ते पुढे आले आणि ‘ओटली’ या कंपनीने ते जगभर नेले. ओट नुसते वाटून गाळले तर बुळबुळीत पेज होते. म्हणून त्यात पिष्टमय पदार्थ तोडणारे विकर मिसळतात. आपल्या लाळेतही तसेच विकर असते, आणि भात बराच वेळ चावला की तो गोड लागतो तो त्याच्यामुळेच. ओटमधल्या पिष्टाची अशीच माल्टोज ही साखर बनते, त्यामुळे ‘साखर घातलेली नाही’ असे छापलेले ओटचे दूधही गोड लागते. मधुमेही माणसाने हे लक्षात ठेवलेले बरे.

आणि आता चहा. ‘घातले की फाटते’ ही नव्या व्हीगनांची पहिली तक्रार असते, आणि त्यामागे सरळ रसायनशास्त्र आहे. दुधातले प्रथिनांचे कण एकाच विद्युतभाराचे असल्याने एकमेकांना दूर ठेवतात; द्रावण आम्लधर्मी होत गेले की हा भार कमी होतो, कण एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटते. सोयाच्या प्रथिनांबाबत हे सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साडेचारच्या आसपास घडते, आणि कॉफीचा सामू पाचच्या जवळ असतो; त्यात उष्णतेची भर पडली की तोल जातो. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही हेच करतात. टोफू बनवताना गरम सोया दुधात मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम सल्फेट मुद्दाम टाकतात ते याच गुणासाठी, म्हणजे बोअरच्या पाण्याचा चहा करणारे घर नकळत टोफूच्या वाटेवर असते. आपण चहात आले किसून टाकतो, आणि कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे विकर असल्याने तेही दूध फाडू शकते. उपाय सोपा आहे: आले आणि पत्ती पाण्यातच नीट उकळून घ्यावी, भांडे उतरवून मिनिटभर थांबावे, दूध वेगळे कोमट करावे आणि चहा दुधात ओतावा, दूध चहात नव्हे. ‘बरिस्ता’ असे लिहिलेल्या महागड्या पाकिटांत तेलाचे प्रमाण थोडे वाढवलेले असते आणि आम्लता सावरण्यासाठी पोटॅशियम फॉस्फेटसारखा क्षार घातलेला असतो. किमतीतला फरक मुख्यतः एवढ्यासाठी आहे.

पोषणाच्या प्रश्नात लोक सर्वप्रथम प्रथिनांविषयी विचारतात. डाळ-भात, भाकरी-उसळ, शेंगदाणे आणि सोयाबीन पोटभर खाणाऱ्या माणसाला प्रथिने मिळवता येतात: धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी आणि डाळीत मिथिओनिन कमी, पण दोन्ही दिवसभरात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून काढतात. खरी चिंता ब-१२ या जीवनसत्त्वाची आहे, आणि तिथे कोणतीही पळवाट नाही.

ब-१२ वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत. ते फक्त जिवाणू बनवतात. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात असे जिवाणू असतात, ते चाऱ्यातले कोबाल्ट वापरून ब-१२ तयार करतात आणि ते मांसात व दुधात उतरते. रक्त तयार होण्यासाठी आणि मज्जातंतूंच्या आवरणासाठी ते लागते. गरज दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, पण नसले की हातापायांना मुंग्या, थकवा, तोल जाणे, विसरभोळेपणा आणि रक्तक्षय अशी मालिका सुरू होते. मज्जातंतूंची हानी फार दिवस राहिली तर ती पूर्ण भरून येत नाही.

या विषयावरचे जगात नावाजलेले काम पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये ब-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. यातले बहुसंख्य लोक व्हीगन नव्हते. दूध घालून चहा पिणारी, दही-ताक खाणारी ही माणसे होती. गाईच्या दुधात दर १०० मिलिलिटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपासच ब-१२ असते, उकळताना त्यातले काही नष्ट होते, आणि दोन कप चहात जाणारे दूध ते किती. याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. ज्या मातांमध्ये फॉलिक आम्ल भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. पुढे मधुमेहाकडे नेणारी ही अवस्था असते. ज्या समाजात दूध पिऊनही निम्म्याहून अधिक लोक या जीवनसत्त्वात उणे आहेत, तिथे उरलेला आधारही काढून घ्यायचा तर पर्याय आधी हातात हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो पर्याय म्हणजे गोळी, किंवा ब-१२ मुद्दाम मिसळलेले खाद्यपदार्थ. गोळीतले जीवनसत्त्व कारखान्यात जिवाणूंच्याच साहाय्याने आंबवून मिळवतात, त्यामुळे तत्त्वाचा प्रश्न येत नाही. वेष्टन जिलेटीनचे नाही एवढे मात्र पाहावे लागते. स्पिरुलिना, आंबील, इडलीचे आंबवलेले पीठ यांतून ब-१२ मिळते, असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात, त्यांच्यावर विसंबू नये. स्पिरुलिनामध्ये जे असते ते बव्हंशी नुसते रूपसाधर्म्य असलेले, शरीराला निरुपयोगी असे संयुग असते. आणखी एक फसगत काळाची आहे. यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा काही वर्षे पुरेल इतका असू शकतो, त्यामुळे ‘सहा महिने झाले, मला काही झाले नाही’ या अनुभवाला अर्थ नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांमध्ये ब-१२ चे शोषण आणखी घटते. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुले यांच्या बाबतीत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बदल करूच नये, कारण आईच्या रक्तात नसलेले ब-१२ तिच्या दुधातही उतरत नाही.

कॅल्शियमचे गणित तुलनेने सुटते. नाचणीत दर १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तीळ आणि राजगिऱ्याचा पालाही चांगला. पालकातले मात्र ऑक्झॅलेटमुळे फारसे अंगी लागत नाही. तरी निष्काळजीपणा नको. इंग्लंडमधील सुमारे ५५ हजार लोकांच्या दीर्घ पाहणीचे २०२० मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात की, मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत व्हीगनांमध्ये खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण २.३ पट होते. त्याच पाहणीत शाकाहारी गटात हृदयविकाराचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमी आढळले होते आणि पक्षाघाताचे २० टक्क्यांनी जास्त. कोणत्याही एका बाजूने झेंडा लावावा असे हे आकडे नाहीत. लोहासाठी जेवणात लिंबू पिळावे आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा, हा जुनाच सल्ला इथे अधिक लागू पडतो.

पाकिटावर काय लिहावे, हा वादही दुधाभोवतीच फिरतो. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांसाठी वेगळे नियम लागू केले. नेहमीच्या हिरव्या ठिपक्याखेरीज आता हिरव्या चौकटीतले पानाच्या कोंबासह असलेले ‘व्ही’ हे चिन्ह दिसते, आणि ते मिळवायचे तर पदार्थात, त्यातल्या रंगद्रव्यांत वा प्रक्रियेच्या साहाय्यक पदार्थांत प्राणिजन्य काही नसावे लागते, शिवाय प्राण्यांवर चाचण्या केलेल्या नसाव्या लागतात. त्याच वेळी भारतीय मानकांत ‘मिल्क’ हा शब्द जनावरांच्या दुधासाठी राखीव असल्याने सोया किंवा ओटचे उत्पादन ‘पेय’ या नावाने विकावे लागते. युरोपीय न्यायालयानेही जून २०१७ मध्ये टोफूटाउन या जर्मन कंपनीच्या प्रकरणात हाच निवाडा दिला, मात्र परंपरेने रूढ झालेल्या नारळाच्या दुधासारख्या नावांना दोन्हीकडे सवलत आहे. मराठीला यात नवल वाटू नये. आपण नारळाचे दूध म्हणतोच, हुरड्याच्या दिवसांत कणसातला दाणा ‘दुधात आला’ असेही म्हणतो. रुईच्या किंवा पपईच्या पांढऱ्या स्रावाला मात्र आपण सहसा दूध म्हणत नाही, तो चीक.

पर्यावरणाच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो, त्याचा मुख्य आधार पूअर आणि नेमेचेक या संशोधकांचा २०१८ मधील अभ्यास आहे. ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवरून त्यांनी काढलेल्या जागतिक सरासरीनुसार एक लिटर जनावराच्या दुधामागे ३.२ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते आणि ६२८ लिटर पाणी लागते. सोया दुधासाठी हे आकडे सुमारे १ किलो आणि २८ लिटर आहेत. बदामाच्या दुधाचे उत्सर्जन ०.७ किलो इतके कमी, पण पाणी ३७१ लिटर. जगातले सुमारे ८० टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतात आणि भारतात येणारे बदामही मोठ्या प्रमाणात तिथलेच असतात, म्हणजे पुण्यात बदामाचे दूध पिणारा माणूस एका दुष्काळी मुलखाचे पाणी दूरवरून पितो. जागतिक सरासरी आपल्या गोठ्याला जशीच्या तशी लावणेही बरोबर नाही. आपली गाय-म्हैस बऱ्याच अंशी कडबा, उसाचे वाढे, सरकीची पेंड अशा माणसाला न खाता येणाऱ्या गोष्टींवर जगते, त्यामुळे चाऱ्यासाठी वेगळी जमीन कमी लागते. दुसरीकडे एका जनावराचे दूध कमी असल्याने दर लिटरमागे पडणारा मिथेनचा वाटा वाढतो.

आणि गोठा म्हणजे घरखर्चाचा पैसा. ऊस वर्षाने पैसे देतो, सोयाबीन हंगामाने; दूध डेअरीचे बिल दहा-पंधरा दिवसांनी मिळते आणि त्यावर किराणा, शाळेची फी, दवाखाना चालतो. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या पट्ट्यात दूध सोडा असे सांगणाऱ्याला हे आधी ऐकून घ्यावे लागेल. त्याच शेतकऱ्यासमोर व्हीगनांचा प्रश्नही मात्र उभा असतो, तो टाळून चालणार नाही. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला काम राहिले नाही, कृत्रिम रेतनाने वळूची गरज संपली, आणि २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. मग आटलेल्या गाईचे आणि नराचे पोट कोणी भरायचे? कालवडीच जन्माला याव्यात यासाठी लिंगनिर्धारित रेतमात्रांना सरकार अनुदान देते, हे याच अडचणीचे अप्रत्यक्ष मान्य करणे आहे. १९४४ मध्ये वॉटसन यांनी विचारलेला प्रश्न इथे वेगळ्या रूपात शिल्लक आहे.

नकली मांसावर मी कमी लिहितो आहे, कारण त्याचा डंका जितका वाजला तितका खप झाला नाही. अमेरिकेत पॅट्रिक ब्राऊन या जीवरसायनशास्त्रज्ञाने २०११ मध्ये ‘इम्पॉसिबल फूड्स’ स्थापन केली. मांसाच्या रंग-चवीमागे हीम हे लोहयुक्त संयुग असते, ते सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतल्या प्रथिनातही सापडते, म्हणून त्यांनी ते प्रथिन यीस्टमध्ये तयार करवून घेतले. विज्ञान म्हणून हे विलक्षणच आहे. याच धंद्यातल्या ‘बियॉन्ड मीट’ या कंपनीचा समभाग मे २०१९ मध्ये २५ डॉलरला विक्रीस आला आणि जुलैमध्ये २३० डॉलरच्या वर गेला, ऑक्टोबर २०२५ मध्ये तो एक डॉलरच्याही खाली होता. आपल्याकडे २०२१ मध्ये रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी ‘इमॅजिन मीट्स’ सुरू केले. भारतात या मालाची पंचाईत अशी की, पिढीजात शाकाहारी माणसाला मटणाची चव नकोच असते, आणि रविवारी मटण खाणाऱ्याला खरे मटण मिळतेच.

गंमत अशी की, असे ‘मांस’ आपल्या किराणा दुकानांत १९८० च्या दशकापासून आहे आणि त्याला कोणी तसे म्हणत नाही. सोयाबीनचे तेल काढून उरलेले पीठ पाण्यात मळून, उष्णता आणि दाब देऊन यंत्राच्या साच्यातून बाहेर ढकलले की दाब अचानक उतरतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ सच्छिद्र, तंतुमय होऊन फुगते. ही सोयावडी, तिच्या कोरड्या वजनातली निम्मी प्रथिने असतात आणि रस्सा ती स्पंजासारखा पिते. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातली सोयाबीनची मुख्य राज्ये, आणि लातूरच्या बाजारातला भाव साऱ्या मराठवाड्याचे लक्ष वेधून घेतो. तरीही तिथल्या दाण्याचा थोडाच भाग माणसाच्या ताटात थेट पोचतो: तेल वेगळे होते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा निर्यातीत जाते.

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला ५३ रुपये आहे. निवडलेला दाणा किरकोळीत दुप्पट दराने घेतला तरी १०० ग्रॅमला दहा-अकरा रुपये पडतात आणि त्यातून सात-आठशे मिलिलिटर दूध निघते. पाकिटातल्या वनस्पतिजन्य दुधाच्या लिटरला याच्या कित्येक पट मोजावे लागतात. घरच्या दुधात कॅल्शियम आणि ब-१२ मिसळलेले नसते, ते दोन-तीन दिवसांत संपवावे लागते आणि गाळल्यावर फडक्यात चोथा उरतो. तो टाकू नये. भाजणीत मूठभर मिसळला तर थालीपीठ मऊ होते, आणि नुसत्या कांदा-मिरचीवर परतला तर डब्याच्या कोरड्या भाजीला पुरतो.